माझ्या हाताला गुण नव्हता

कौसा, माय बैलगाडीत बसली तेव्हा तू मेंढरांच्या वाडग्याच्या तोंडाशी उभी होतीस आणि तुझ्या काखेत एक कोकरू होतं. तू रडली नाहीस. तू रागावली होतीस, कारण मायच्या वाटचं काम आता तुझ्या अंगावर पडणार होतं आणि तू जेमतेम नऊ वर्षांची होतीस. मायनं जबड्याभोवती लुगड्याचा पदर आवळून बांधला होता. जखमेला वास यायला लागला होता, म्हणून ती गाडीच्या पार मागच्या टोकाला, आमच्याकडं पाठ करून बसली. बा बैलांच्या पुढं उभा राहून म्हणाला, "लवकर या. मेंढरं कातरायची हायत." मला वाटलं, पंधरा दिवसांत येऊ. त्या गोष्टीला आता सदुसष्ट वर्षं होतील आणि मी अजून पुरता परत आलेलो नाही.

हे शोभा तुला वाचून दाखवील. तुझी सून शिकलेली असल्याचा हा एक फायदा, नाहीतर तुला माझं अक्षर काय आणि काळी रेघ काय, सारखंच. शोभा, एकटीला वाचून दाखवू नकोस. पारावर जे असतील त्यांनाही ऐकव. आपली पोरं पुण्यात, सुरतेत, कुठं कुठं पांगलीत, त्यांनाही व्हॉट्सअॅपवर पाठव. मी चौऱ्याऐंशी वर्षांचा झालो, पुन्हा पुन्हा सांगायची ताकद माझ्यात नाही.

गाडी पालमला पोचली. तिथून सर्व्हिस मोटारीनं गंगाखेड, मग रेल्वेनं परभणी, परभणीहून मनमाड. मनमाडला छोट्या रुळांची गाडी सोडून मोठ्या गाडीत बसायचं होतं. मायला त्या दोन गाड्यांतला फरक कळेना. ती म्हणाली, "येकाच मुलखात दोन मापाचे रूळ कामून घातलेत?" खरं तर मुंबईची वाटच आपल्या माणसांना नवी होती. मोठं दुखणं निघालं की आपली माणसं हैदराबादला जायची. तिथले रस्ते माहीत, तिथली बोली तोंडात बसलेली. पण मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि तालुक्याच्या डॉक्टरनं कागद लिहिताना सांगितलं, "अब तुमचं सरकार मुंबईला हाय. कागद तिकडंच चालंल. जल्दी करा, लय उशीर केलाव." उशीर का झाला ते त्यानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. तिथून माझी सवय सुरू झाली.

आता उशीर का झाला ते सांगतो. वाडीतल्या म्हाताऱ्यांना अर्धं ठाऊक आहे, पोरांना काहीच ठाऊक नाही.

आपल्या धनगरांत मेंढराचा सांधा सुजला, गळ्याखाली गाठ आली, की तापल्या लोखंडाचा डाग द्यायचा. बोटभर जाड सळई बाभळीच्या निखाऱ्यात लाल करायची आणि सुजेवर टेकवायची. हे काम कुणीही करत नाही. ज्याच्या हाताला गुण, त्यानंच करायचं. आणि करणारानं काही घ्यायचं नाही, पानसुपारीसुद्धा नाही, नाहीतर गुण जातो. मी तेरा-चौदा वर्षांचा असताना एका एडक्याला डाग दिला आणि तो चौथ्या दिवशी नीट चालायला लागला. तो आपोआपच बरा झाला असता, हे मला आज कळतं. पण झालं, सोपानच्या हाताला गुण आहे असा बोभाटा झाला. आसपासच्या वाड्यांवरून माणसं मेंढरं घेऊन यायला लागली. मग माणसंच माणसांना घेऊन यायला लागली. गुडघा, पाठ, पोट फुगलेली तान्ही लेकरं. होय, लेकरांच्या पोटावरही मी डाग दिलेत. ती लेकरं आज म्हातारी झाली असतील आणि त्यांच्या पोटावर माझ्या खुणा असतील.

मला ते आवडायचं, हेही सांगतो. तालुक्याला शाळेत मास्तर मला धनगराचं म्हणून मागं बसवायचे, आणि इकडं घरी आलो की मोठमोठी माणसं माझ्यासमोर सदरा काढून बसायची. पोराच्या डोक्यात हवा जायला एवढं पुष्कळ होतं.

माय रोज दातांना मिसरी लावायची. गालाच्या आतल्या बाजूला तिला फोड आला, तो भरेना. तिनं कुणाला सांगितलं नाही. भाकरी कालवणात भिजवून खायला लागली तेव्हा बा म्हणाला, दात दुखत असेल. मग जबड्याखाली गाठ आली. बोराएवढी होती आणि हाताला दगडासारखी लागायची. त्या दिवशी माय स्वतः माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "सोपाना, तुज्या हाताला गुण हाय. मला दे डाग."

मी कचरलो. बा म्हणाला, "मेंढराला देतूस, लोकायला देतूस, आन् मायला कामून न्हाई?" मी सळई तापवली. दिवस चांगला वर आला होता, अंगणात उजेड होता, आणि मला तिच्या गळ्यावरची शीर हललेली दिसत होती. मी सळई टेकवली. तिनं माझा गुडघा धरला होता, त्यावर तिच्या नखांचे वळ दोन दिवस राहिले.

कातडी फुगली, खपली धरली. सगळा जबडाच सुजला, त्यामुळे गाठ हाताला लागेना. घरात सगळे म्हणाले, जिरली. शेजारपाजारचे पाहायला आले आणि माझी पाठ थोपटून गेले. आपण तीन महिने निर्धास्त राहिलो. गाठ आत वाढत होती आणि वर माझ्या डागाचं झाकण होतं. मग खपली फुटली, आणि तिच्याखाली जे होतं ते पाहून बानं गाडी जुंपली.

मुंबईच्या त्या मोठ्या इस्पितळात एक पन्नाशीच्या डॉक्टरीणबाई होत्या. मोडकंतोडकं मराठी बोलायच्या, पण माणसाच्या डोळ्यांत बघून बोलायच्या. त्यांनी मायचा पदर सोडवला, जखम पाहिली आणि विचारलं, "हे कशानं भाजलं?"

मी तोंड उघडायच्या आत माय म्हणाली, "चुलीवर पडले, बाई."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. चुलीवर पडलेल्या माणसाला जबड्याखाली असा गोल चटका बसत नाही, हे त्यांना कळलं नसेल असं मला कधीच वाटलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. नंतर व्हरांड्यात मला समजावून सांगितलं. अशा गाठीत रेडियमच्या सुया घालतात, त्यातून जे निघतं त्यानं रोग जळतो आणि माणूस वाचतो. पण हे मांस भाजून सडलंय, यात सुया घालता येत नाहीत. आधी जखम सुकवावी लागेल. तोवर रोग थांबणार नाही. "तीन महिने आधी आणलं असतं तर," एवढंच बोलून त्या पुढच्या पेशंटकडं गेल्या.

मी वॉर्डात येऊन मायला म्हणालो, मी खरं सांगतो बाईंना. माय म्हणाली, "काय बी सांगू नगंस. तुज्या हातावर लोकायचा इस्वास हाय. त्यो मोडून काय मिळणार हाय?" तिला तेव्हा नीट बोलताही येत नव्हतं. एवढं वाक्य बोलायला तिला किती वेळ लागला ते मी पाहिलं आहे.

जखम सुकायला दोन महिने गेले. मग सुया घातल्या, किरणांचा लाईट दिला, पण रोग गळ्यातून खाली उतरला होता. सातव्या महिन्यात, दुपारी वॉर्डात जेवणाची गाडी फिरत असताना, ती गेली. मी पेज भरवायला चमचा पुढं केला आणि तिनं तोंड उघडलं नाही. तिचे विधी मुंबईतच केले. बाला त्या सात महिन्यांत एकदाही यायला जमलं नव्हतं, मेंढरं कुणावर सोडणार?

मग मी घरी एक पोस्टकार्ड टाकलं. त्यात लिहिलं की माय गेली, मुंबईच्या औषधाला गुण आला नाही. कौसा, ते कार्ड मास्तरांनी तुम्हाला वाचून दाखवलं असेल. त्या एका ओळीवर आपल्या वाडीनं पुढची सदुसष्ट वर्षं काढली. बा मरेपर्यंत म्हणायचा, "मुंबईनं माजी बायकू खाल्ली. डाग दिला तवा गाठ जिरली हुती." मी गावी यायचो, जेवायचो, हे ऐकायचो आणि ताटात बघत बसायचो.

मी परत का आलो नाही, हे तू मला दोनदा विचारलंस. दोन्ही वेळा मी नोकरी सांगितली. नोकरी खरीच होती. डॉक्टरीणबाईंनीच मला स्ट्रेचर ढकलायला लावून घेतलं. पुढं लाईटच्या डिपार्टमेंटला गेलो, पेशंटला टेबलावर नीट झोपवायचं काम करू लागलो, तिथंच रिटायर झालो. पण खरं कारण वेगळं होतं. गावात आलो की दुसऱ्या दिवशी कुणीतरी मेंढरू घेऊन दारात उभं राहायचं, आणि मेंढरामागं एखादी बाई पदरानं मान झाकून. मी म्हणायचो, हाताची सवय मोडली. लोक म्हणायचे, सोपानदादा मुंबईत मोठा झाला, आता कशाला आपल्याला हात लावील. मी ते ऐकून घ्यायचो, कारण खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

डिपार्टमेंटला तेहतीस वर्षं काढली. आपल्याकडची माणसं यायची. पालमची, मानवतची, सेलूकडची. पदर बाजूला केला की गोल चटका दिसायचा. डॉक्टर विचारायचे, हे काय? बरोबरचा माणूस म्हणायचा, दिवा पडला, चूल लागली, उकळतं पाणी सांडलं. मी टेबलाची पट्टी आवळत तिथंच उभा असायचो. एकदाही माझ्या तोंडून निघालं नाही की, सायेब, ह्यांच्याकडं डाग देतात, आमच्याकडं देतात, मीही दिलाय. बोललो असतो तर निदान कुणीतरी आपल्या भागात जाऊन सांगितलं असतं. शिफ्ट संपली की मी चहा प्यायचो आणि खोलीवर जाऊन झोपायचो.

आता ठाण्याला सोसायटीत सातव्या मजल्यावर राहतो. लिफ्ट बंद पडली की दोन दोन दिवस खाली उतरत नाही. लिफ्टची तक्रार मी तीनदा केली, सेक्रेटरीनं एकदाही ऐकली नाही. इथं मी एक म्हातारा आहे, एवढंच. गुडघे दुखतात, तर त्यावर एक मलम आहे. ते लावताना कधी कधी हसू येतं, की लोकांच्या असल्याच गुडघ्यांवर मी काय काय केलं.

मृणाल माझी नात. कौसा, तू तिला मागच्या दिवाळीत पाहिलंस. पुण्याला एका प्रयोगशाळेत कॅन्सरवर काम करते. तू तिला विचारलंस, "काय करतीस गं तू तिथं?" आणि तिनं हौसेनं सांगितलं, "आजी, आम्ही लोखंडानं कॅन्सरची गाठ मारायचा प्रयत्न करतोय. लोखंड गाठीत तापवतो." तुझा चेहरा कसा उजळला ते मी पाहिलं. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. माझ्या हातात चहाचा कप होता आणि तो मी पीत राहिलो.

गेल्या सोमवारी शोभाचा फोन आला. तुझ्या गालात फोड आहे, तो चार महिने भरत नाही. जबड्याखाली गाठ आली आहे. परभणीला डॉक्टरला दाखवू म्हटलं तर तू ऐकत नाहीस. शोभानं तुझे शब्द जसेच्या तसे सांगितले: "माय मुंबईला जाऊन मेली. मला न्हाई जायचं. दादाला बलवा. त्येच्या नातीनंच सांगितलंय, आता मोठे मोठे डाक्टर बी तापल्या लोकंडानंच गाठ मारायलेत. आपलं खरं निगालं की न्हाई? दादाच्या हाताला गुण हाय, त्यो देईल डाग."

मी फोन ठेवला आणि मृणालला पुण्याहून बोलावून सांगितलं. ती पोर रडायलाच लागली. म्हणाली, "आजोबा, मी असं नव्हतं म्हटलं." मी म्हटलं, बाई, तू बरोबरच बोललीस. ऐकणाऱ्यांना चुकीचं मी शिकवून ठेवलंय. मग तिला समोर बसवून सगळं नीट विचारून घेतलं, म्हणजे तुला सांगता यावं. तिनं दोन दिवस घालवले माझ्यावर.

कौसा, त्यांचं लोखंड सळई नव्हे. त्याचे कण इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारो मावतील. चुलीवरची काजळी त्यापुढं खडीएवढी म्हणायची. ते शिरेतून आत जातात, त्यातले थोडे गाठीत जाऊन साठतात. मग बाहेरून चुंबकाचं बळ भराभर उलटसुलट फिरवतात आणि ते कण आतल्या आत कोमट होतात, तापाच्या अंगापेक्षा थोडे जास्त. कातडीला कळतही नाही. भाजत काहीच नाही, तेवढ्या ऊबेनंच गाठीतल्या पेशी मरतात. दुसरं एक सांगते ती. कॅन्सरच्या पेशीला लोखंडाची भारी हाव. वाढायला तिला ते लागतं, म्हणून ती ओढून घेते. मग तिच्या हावेपेक्षा जास्त लोखंड तिला द्यायचं. ते आत गेलं की पेशीच्या सालीतली चरबी खवट होत जाते, जुनं तेल होतं तशी, आणि साल फाटून पेशी मरते. ऐकायला मलाही गोड वाटलं. मी विचारलं, माझ्या बहिणीला देता येईल का? ती म्हणाली, नाही. तिच्याकडं अजून उंदरांवरच प्रयोग चाललेत. उंदरांतही लोखंड कधी यकृतात जाऊन बसतं, गाठीपर्यंत पोचतच नाही. आपल्याला हे मिळायला अजून काही वर्षं लागतील, आणि तुझी गाठ काही वर्षं थांबणार नाही.

म्हणजे तुझ्यासाठी जे आहे ते ऑपरेशन आणि लाईट. ते आज परभणी-नांदेडकडं मिळतं, मुंबई गाठायची गरज नाही. आणि हा रोग लवकर धरला तर माणसं बरी होतात. मी तेहतीस वर्षं त्यांना टेबलावरून उठून घरी जाताना पाहिलंय. तुला वाटतं मुंबईला गेलेलं माणूस मरतं, कारण तुला एकच माणूस माहीत आहे. त्या माणसाला मी मारलं.

लिहिलं. आता पुढचं सोपं जाईल.

माय चुलीवर पडली नव्हती. गाठ जिरली नव्हती. औषधाला गुण आला नाही हे मी लिहिलेलं खोटं होतं. औषधाला मी वेळच ठेवला नव्हता. मिसरीनं हा रोग होतो हेही मला पहिल्याच वर्षी वॉर्डात कळलं होतं, आणि तुझ्या कनवटीची डबी पाहूनही मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, तुला कसं ठाऊक, आणि मग सगळंच निघालं असतं. मला मायनं गप्प राहायला सांगितलं होतं, पण ती आजारी बाई होती आणि मी धडधाकट होतो. तिच्या नावावर हे टाकायचं मला आता बरं वाटत नाही.

मृणालनं काल विचारलं, आजोबा, गाव म्हणजे तुम्हाला काय वाटतं? पोरांना असले प्रश्न सुचतात. मी म्हटलं, पाय दुखतायत, उद्या सांगतो. पण आज सकाळपासून तेच डोक्यात आहे. वाडीत माझं घर उरलेलं नाही, वाडग्याच्या जागी कुणाचा तरी ट्रॅक्टर उभा असतो, बाच्या वयाचं कुणी नाही. तरी मी सातव्या मजल्यावर बसून गाव गाव करतो, कारण तिथं एक बाई आहे जी अजून माझ्या शब्दावर डोळे मिटून मान पुढं करील. इथं तर सेक्रेटरी लिफ्टसुद्धा दुरुस्त करत नाही. इतकी वर्षं मी तेवढ्यासाठीच गप्प बसलो, आणि मला वाटत राहिलं की मी मायची आज्ञा पाळतोय.

हे ऐकून तुझा तो विश्वास उडेल. उडू दे. पारावरच्यांनीही माझं नाव टाकलं तर टाकू दे. परवा दुपारी मी परभणीला उतरतो आहे, मृणाल बरोबर आहे. तू माझं तोंड पाहू नकोस, पाणी देऊ नकोस, मला दारात उभं करू नकोस. फक्त शोभानं बोलावलेल्या गाडीत बस आणि डॉक्टरनं विचारलं की तुझ्या मायला काय झालं होतं, तर भावानं जाळलं म्हणून सांग. माझं गाव त्यात जाईल, कौसा. मला ते चालेल. तू राहा.